तोंडी जिना

"आपण घरचेच की!" असं म्हणत गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मी सावध होते. घरच्यांशी माणसं कशी वागतात ते मी पुरेसं पाहिलंय. ते पाहिलेल्या कुणालाही या वाक्याने धीर यायचं कारण नाही.

आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे अंबरनाथला बुवापाड्याच्या कडेची पत्र्याची शेड. खिडक्यांचे ग्रिल, गेट, गॅलरीचं रेलिंग, लोखंडी जिने, असली कामं. सासऱ्यांनी उभं केलेलं. ते साताऱ्याकडून येऊन एमआयडीसीत वेल्डर होते, मग स्वतःचं मशीन घेतलं. नवरा त्यांच्याच हाताखाली शिकला. मी उल्हासनगरची, लग्नाआधी तिथे एका सिंधी फर्निचरवाल्याच्या ऑफिसात बसायचे. तो शेठ आपल्या सख्ख्या भावाच्या दुकानात चार खुर्च्या पाठवल्या तरी चलनावर त्याची सही घ्यायचा. भाऊ कधी चिडला तर शेठ हसत म्हणायचा, "साईं, प्यार अपनी जगह, पर्ची अपनी जगह." आणि दुपारी दोघे एकाच डब्यातलं जेवायचे. मला वाटायचं, धंदा सगळीकडे असाच करत असतील.

बुवापाड्यात आले आणि डोळे उघडले. पप्पा, म्हणजे माझे सासरे, काम घ्यायचे चहाच्या टपरीवर. मापं खडूने शेडच्या दारावर लिहायची. कुणाचा कोपर लागून आकडा पुसला की म्हणायचे, "असू दे, डोक्यात आहे माझ्या." करार, कोटेशन असले शब्द काढले की त्यांना माझ्या माहेरची कीव यायची. "सूनबाई, मी माणूस बघून काम घेतो." माणूस बघून म्हणजे नक्की काय बघून, हे मी पुष्कळ दिवस निरखलं. गळ्यातली चेन, दाराशी उभी गाडी आणि चहाचे पैसे कोण देतो. त्यांचं माणूस बघणं एवढ्यात आटपायचं.

नवऱ्याचं मत वेगळं होतं, असं तो घरी म्हणायचा. शेडमध्ये पप्पा समोर असले की तो वेल्डिंगची काळी काच तोंडापुढे धरायचा आणि काम नसलं तरी ती खाली घ्यायचा नाही.

अशात शेजारच्या पालेगावचे दोघे भाऊ आमच्याकडे आले. म्हणजे आधी मोठा आला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या. त्यांच्या शेताच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी स्वतःसाठी दोन मजली बंगला बांधायला घेतला होता. आत जिना काढायला आर्किटेक्टने जागाच ठेवली नव्हती, किंवा ठेवलेली यांनी देवघरात घेतली होती. आता बाहेरून लोखंडी जिना हवा होता.

"मजबूत पायजे," तो पप्पांना म्हणाला. "आमची मानसं वजनदार हायेत."

पप्पा हसले. चहा आला. मी शेडमधल्या माझ्या कॉम्प्युटरवरून उठून वही घेऊन गेले आणि विचारलं, "जिना कुठल्या बाजूने चढणार? मागून की रस्त्याकडून? वर दार कुठे आहे? आणि काम चालू असताना काही बदलायचं झालं, तर कुणाचं ऐकायचं?"

त्याने माझ्याकडे न बघता पप्पांना विचारलं, "सून शिकलेली दिसते?"

"उल्हासनगरची आहे," पप्पा म्हणाले. जणू आजाराचं नाव सांगितलं.

मी तरी एक पान टाइप केलं. काय बनवायचं, कुठे बनवायचं, कुठला माल वापरायचा, बदल सांगायचा तर लेखी सांगायचा, आणि खाली सही. पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते बोटाने परत माझ्याकडे सरकवलं.

"ताई, पालेगावात आमच्या शब्दावर जमिनी विकल्या गेल्यात."

"बिल्डरला पण शब्दावरच दिलीत?" मी विचारलं. "की रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात फोटो काढून, अंगठे देऊन, दोन साक्षीदार नेऊन?"

त्याने कप खाली ठेवला. पप्पांनी मला घरी जायला सांगितलं. सासूबाईंना म्हणे बरं वाटत नव्हतं. घरी जाऊन बघते तर सासूबाई ठणठणीत, वाल सोलत बसलेल्या. मीही बसले सोलायला. काम तोंडी ठरलं.

हे लोक पैसे बुडवणारे असते तर गोष्ट सोपी होती, चार शिव्या देऊन विसरलो असतो. पण मोठ्याने पहिल्याच दिवशी ॲडव्हान्स दिला, तोही मागण्याआधी. त्यामुळे पप्पा मला महिनाभर टोमणे मारत होते. "बघ, असा असतो शब्दाचा माणूस."

काम सुरू झालं. आमचा वेल्डर बारवी धरणाकडच्या एका वाडीतला, बोलायला कमी, हाताला चोख. त्याने मागच्या अंगणातून चढणारा जिना उभा केला. दोन्ही बाजूंचे आधाराचे लोखंडी चॅनल बसले, पायऱ्यांच्या प्लेटा लागायला लागल्या. तेवढ्यात मोठा कुटुंबाला घेऊन देवदर्शनाला गेला आणि धाकटा साइटवर आला.

धाकटा बुलेटवर यायचा आणि ती बंद न करताच बोलायचा. त्याने वेल्डरला सांगितलं, जिना फिरवा, रस्त्याच्या बाजूने घ्या. मागच्या अंगणातून म्हणजे मोठ्याच्या स्वयंपाकघरासमोरून. धाकट्याच्या बायकोने का तिथून यायचं-जायचं?

वेल्डरने पप्पांना फोन लावला. पप्पा म्हणाले, "मालकाचा भाऊ म्हणजे मालकच. फिरवा."

मी तिथेच उभी होते. "पप्पा, मोठ्या भावाला एक फोन तरी करा."

"देवाला गेलेल्या माणसाला जिन्यासाठी फोन करायचा?"

जिना कापला आणि फिरवला. मोठा परत आला, प्रसादाची पिशवी हातात घेऊनच साइटवर गेला आणि तिथून त्याने पप्पांना असं काही झापलं की फोन स्पीकरवर नसताना मला शब्द न् शब्द कळला. "मी असं बोललोच नव्हतो!" खरंच होतं, तो बोलला नव्हता. मग जिना परत मागे. मग धाकटा आला. त्याचं म्हणणं, "माझ्यासमोर ठरलंय, रस्त्याकडनं." त्याच्यासमोर त्यानेच ठरवलं होतं, तेव्हा हेही खरंच.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाकडे स्वतःचं खरं होतं, आणि त्या प्रत्येक खऱ्यासाठी आमचा वेल्डर ग्राइंडर लावून आपलीच वेल्डिंग कापत होता. एकदा मी डबा घेऊन गेले तर तो पायरीची प्लेट मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "वैनी, ह्यो परत कापाचा. दुसऱ्याचा काम कापाला काय वाटत नाय. आपला कापाला हात येत नाय."

मी हे पप्पांना सांगितलं. ते टपरीवर गेले.

शेवटी व्हायचं तेच झालं. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूने दारासाठी ठेवलेली जागा मोठ्याने गवंड्याकडून विटा लावून बंद करून घेतली. त्याच वेळी खाली धाकटा उभा राहून आमच्याकडून जिना त्याच बाजूला बसवून घेत होता. दोघांनाही एकमेकांचं काम दिसत होतं आणि दोघेही एकमेकांशी बोलत नव्हते. संध्याकाळी काम उरकलं, तेव्हा जिना सरळ भिंतीपर्यंत चढून उभा होता. दार नाही, खिडकीही नाही. दुसऱ्या दिवसापासून माणसं बघायला यायला लागली. रिक्षावाले पॅसेंजरना वाट वाकडी करून दाखवायचे. "भिंतीला भेटायला जिना केलाय," असं कुणीतरी म्हणालं आणि ते पालेगावातून आमच्या टपरीपर्यंत आलं.

पप्पांना ते लागलं. मला लागायचं कारण वेगळं होतं. मी नवऱ्याला घेऊन साइटवर गेले आणि चॅनल नीट बघितले. कापलेले, जोडलेले, पुन्हा कापलेले. जोडावर जोड. भोकांच्या शेजारी भोकं.

"हे माणसांचं वजन घेईल?" मी विचारलं.

नवऱ्याने हाताने दाबून बघितलं. काळी काच त्या दिवशी बरोबर नव्हती. म्हणाला, "मी माझ्या मुलीला यावरून चढू देणार नाही."

मोठ्याला फोन लावला. तो म्हणाला, "ते तुमी बघा. पडला-बिडला कोन, तर जबाबदारी तुमची." हे मात्र त्याने फार स्पष्ट सांगितलं. शब्दाच्या माणसांची हीच एक गोष्ट पक्की असते. बाकी सगळं मोघम, जबाबदारी तेवढी ठळक आणि ती दुसऱ्याची.

त्या दिवशी नवरा पप्पांसमोर पहिल्यांदा बोलला. "काम बंद. लिहून दिल्याशिवाय मी तिथे वेल्डिंगचा रॉड लावणार नाही." वेल्डरने कुणाला न विचारता मशीन टेम्पोत चढवलं.

आठवड्याने पालेगावहून निरोप आला, बसून बोलू. पप्पा, नवरा आणि मी, तिघे गेलो. बंगल्याचा हॉल तयार झाला होता. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी जरा हललं की आवाज व्हायचा. मोठा एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. स्वयंपाकघराच्या दारात दोघांच्या बायका. मी पान पुढे ठेवलं. जुना जिना काढायचा, नवा माल घ्यायचा, जिना कुठे हे या ओळीत लिहायचं, आणि पुढचा प्रत्येक बदल खाली सही करणाऱ्यानेच सांगायचा. दुसऱ्या कुणाचं आम्ही ऐकणार नाही.

मोठ्याने पेन उचललं. तो ऐटीतच होता, कंटाळून माफ केल्यासारखा.

धाकटा म्हणाला, "तू कशाला? घर तुझ्या एकट्याचा हाय का?"

"मग तू कर."

"करतो. पन मंग वरचा माला माझा, ते बी लिवा."

"वरचा तुझा कधी ठरला?"

"मंग कोनाचा ठरला?"

आमच्याकडे आता कुणी बघत नव्हतं. सोफा नुसता कराकरा वाजत होता. वरचा मजला कुणाचा, खालचा कुणाचा, अंगण कुणाचं, गाडी कुठे लावायची, आईला कोण सांभाळणार. एकाही प्रश्नावर हे दोघे आजवर एकमेकांशी बोलले नव्हते. बंगला बांधून होत आला होता, फरशीचा रंग निवडून झाला होता, आणि कोण कुठे राहणार हे ठरलेलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की पहिल्या दिवशी माझं पान परत का सरकवलं होतं. आमच्यावरच्या विश्वासाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या पानाखाली एकाचं नाव लिहावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत घरात कुणाला नव्हती.

सासरे खाली मान घालून बसले होते. मला त्यांच्याकडे बघून बरं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं.

तेवढ्यात आतून म्हातारी आली. दोघांची आई. बारीक, काळीसावळी, हाताला पीठ. इतका वेळ आम्हाला चहा देणाऱ्या सुनांच्या मागे ती आहे हेच कळलं नव्हतं.

"घर माझ्या नावावर हाय," ती म्हणाली. "घरपट्टी माझ्या नावान येते. मना कोनी विचारलाव का, जिना कुठं पायजे?"

मोठा लगेच गोड झाला. "आये, तूच कर ना सही. बस हितं." पेन तिच्या हातात द्यायलाही गेला.

तिने हात मागे घेतला. "मागल्या येळी तुमी दोघांनी असाच बसवलाव. हितं कर, हितं कर. मी केली. त शेत गेला. मी नाय करनार."

दोघेही मोबाइलमध्ये बघायला लागले. आणि मी, कागद कागद करत इथवर आलेली, तिच्यापुढे ते पान धरून सोफ्यावर बसले होते. तिच्या लेखी मी आणि तो बिल्डरचा माणूस यात फरक काय होता? तोही असंच पान घेऊन, असाच सोफ्यावर बसला असेल. त्याचंही पान मराठीत नसेलच. माझं पान तरी कुठे होतं? निम्मं इंग्रजी, उरलेलं निम्मं इंग्रजीतून ओढून आणलेलं.

"मावशी, मी वाचून दाखवते," मी म्हटलं. "सगळं. पटलं नाही तर मी पान घेऊन जाते."

ती माझ्यासमोर खालीच बसली, म्हणून मीही सोफ्यावरून उतरले. एकेक ओळ वाचली, मग ती साध्या बोलीत सांगितली. मोठ्याने मध्ये तोंड घातलं, "आये, ते असा..." तिने हात केला, तो थांबला. ओळी संपल्या तेव्हा तिने विचारलं, "याच्यात माझी जागा-बिगा कोनाला जात नाय ना?"

"नाही. जिन्याशिवाय यात काहीच नाही."

"जिना मोडला त?"

"आम्ही येऊन दुरुस्त करायचा. तेही लिहिलंय, ही ओळ."

"आनी पायरी उंच नको. माझे गुडघे दुखतान."

मी पेनने लिहिलं. मग तिने जिन्याची जागा सांगितली. मागे नाही, रस्त्याकडून नाही. बाजूच्या भिंतीलगत, जिथून दोन्ही मजल्यांना स्वतंत्र जाता येईल.

धाकट्याच्या बायकोने दारातून विचारलं, "तिकडं कशाला, आत्या?"

"उद्या तुमी वेगलं व्हाल," म्हातारी म्हणाली, "तवा माझ्या चुलीवरनं नको जायाला कोनाला."

सही तिने शाळेतल्यासारखी केली, एकेक अक्षर सुटं, वरची रेघ सगळ्यात शेवटी. पानाची एक प्रत मागून घेतली आणि ती घेऊन आत गेली. कुठे ठेवली ते मुलांना सांगितलं नाही.

जिना झाला. नवा माल, बुटक्या पायऱ्या, एकदाही कापावा लागला नाही. धाकटा एकदा बुलेटवर आला आणि रेलिंगचा रंग बदला म्हणाला. वेल्डरने त्याला सांगितलं, "म्हातारीची सही आना." तो गेला. हे वाक्य वेल्डरने पुढे शेडमध्ये इतक्या वेळा सांगितलं की आम्हाला पाठ झालं.

दोघे भाऊ वर्षाच्या आत वेगळे झाले. म्हातारी खाली मोठ्याकडे राहते, जेवायला कधीकधी वर जाते, बुटक्या पायऱ्यांवरून. पालेगावात आता आमच्याबद्दल बोललं जातं की त्या अंबरनाथच्या कागदवालीने घर फोडलं. हे बोलणारे तेच लोक, जे भिंतीला टेकलेला जिना बघायला आले होते. घर आधीच फुटलेलं होतं. फक्त लिहिलेलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना ते अखंड दिसत होतं. पण हे कुणाला सांगणार? आमच्याकडे नातं जपायचं म्हणजे त्याबद्दल काही बोलायचं नाही. जे बोललंच नाही ते मोडलं तरी कुणाचा दोष नाही, असा हिशेब.

त्यानंतर शेडमध्ये पानाशिवाय काम घ्यायचं नाही असं ठरलं. पान मी मराठीत केलं, एकच पान, आणि गिऱ्हाईकाला समोर बसवून वाचून दाखवायचं. काही गिऱ्हाईकं गेली. जाताना म्हणाली, "तुमच्याकडे विश्वासच नाही." गेली ते बरंच झालं. बदलापूरला शिरगावातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मात्र पान घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त करून सहीसकट आणून दिलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पप्पा बदलले असं म्हणवत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या मेव्हण्याला गावच्या घराला गेट हवं होतं. मी पान पुढे केलं, तर पप्पा माझ्यावर असे खेकसले की वेल्डर हातातला रॉड खाली ठेवून उभा राहिला. "माझ्या बायकोच्या भावाची सही घ्यायची?" गेट तोंडी झालं. टेम्पोतून गेलं, बसलं, आणि बाहेरच्या बाजूला उघडलं. मेव्हण्याचं म्हणणं, मी आतल्या बाजूला सांगितलं होतं. पप्पांचं म्हणणं, बाहेरच्या. सासूबाई माहेरच्या लग्नाला एकट्या गेल्या आणि एकट्या परत आल्या.

त्यानंतर बरेच दिवस पप्पा शेडमध्ये येऊन माझ्या टेबलाजवळ घुटमळायचे. एकदा छापलेलं पान उचलून त्यांनी लांब धरलं, मग जवळ धरलं, मग परत लांब.

"हे अक्षर केवढं बारीक केलंयस?" ते म्हणाले. "वाचता येत नाही कुणाला. मोठं कर जरा."

मी मोठं केलं. आता ते दीड पान होतं.